रिंगा बदलल्या तरी धूर परत : एटीव्ही आणि डर्ट बाइकच्या सिलिंडरचे निदान

तक्रारीचे स्वरूप बहुधा ठरलेले असते. गाडी निळसर धूर मारू लागते, ऑइल कमी होत जाते, चढावर दम राहत नाही. मग इंजिन उघडले जाते, नवा पिस्टन आणि त्याच्या खाचांत बसणाऱ्या नव्या रिंगा पडतात, गाडी काही काळ उत्तम चालते आणि पुन्हा तोच धूर सुरू होतो. दुसऱ्या खेपेला ‘ब्लॉकच गेला आहे’ असे सांगून बोअर मारला जातो (सिलिंडरचे भोक तासून मोठे केले जाते) किंवा आत स्लीव्ह, म्हणजे लोखंडी नळी, ठोकली जाते, आणि तिसऱ्या खेपेला ती स्लीव्हच सैल झालेली आढळते. कोकणच्या किनाऱ्यांवर भाड्याने फिरणाऱ्या एटीव्ही (चार जाड टायरच्या उघड्या गाड्या) असोत की घाटमाथ्यावरच्या मातीच्या वाटांवर पळणाऱ्या डर्ट बाइक, हे चक्र दोन्हीकडे सारखेच दिसते. यामागे बहुतेक वेळा दोन गोष्टी असतात. सिलिंडर झिजवणारे कारण सिलिंडरच्या बाहेर असते आणि प्रत्येक दुरुस्तीत ते तसेच राहून जाते, ही पहिली. आपल्यासमोरची भिंत लोखंडी स्लीव्हची आहे की मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमची, हे न पाहताच काम सुरू केले जाते, ही दुसरी.

मात्र इंजिन उघडण्यापूर्वी धूर रिंगांचाच आहे याची खात्री करून घ्यावी. रात्रभर उभी राहिलेली गाडी सुरू करताना एक झोत येऊन थांबत असेल, किंवा उतारावर थ्रॉटल सोडून पुन्हा देताना धूर येत असेल, तर संशय व्हॉल्व्हच्या सीलवर किंवा गाइडवर घ्यावा. चढावर जोर देताना सतत येणारा धूर मात्र रिंगांकडे बोट दाखवतो. यामाहा रॅप्टरसारख्या ड्राय सम्प (ऑइल वेगळ्या टाकीत ठेवण्याची रचना) असलेल्या एटीव्हींमध्ये आणखी एक फसगत होते. या गाड्यांत ऑइलची पातळी इंजिन गरम करून, ठरलेल्या पद्धतीनेच पाहावी लागते. थंड इंजिनावर काडी पाहून ‘कमी आहे’ म्हणून वर ऑइल ओतले की जास्तीचे ऑइल ब्रीदरच्या, म्हणजे इंजिनातील वाफा बाहेर सोडणाऱ्या, नळीतून एअरबॉक्समध्ये (एअर फिल्टरच्या पेटीत) जाते, तेथून सिलिंडरमध्ये येते आणि चांगल्या इंजिनाच्या रिंगा विनाकारण बदलल्या जातात.

कॉम्प्रेशन गेजवर एकट्याने विसंबू नये. बऱ्याच सिंगल सिलिंडर इंजिनांच्या कॅमशाफ्टवर स्टार्टिंग सोपे करण्यासाठी दाब थोडा सोडणारा डीकॉम्प्रेसर असतो, त्यामुळे निरोगी इंजिनाचाही आकडा कमी दिसतो. लीक-डाउन चाचणी अधिक प्रामाणिक असते. पिस्टन वरच्या टोकाला आणून, प्लगच्या भोकातून ठरावीक दाबाची हवा सोडावी आणि ती कोठून निसटते ते ऐकावे. ऑइल भरण्याच्या झाकणातून फुसफुस आली तर रिंगा किंवा बोअर, सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, एअरबॉक्समधून आली तर इनटेक व्हॉल्व्ह आणि रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर हेड गॅस्केट, इतके स्पष्ट उत्तर ही चाचणी देते.

भिंत कशाची आहे

जुन्या आणि साध्या इंजिनांत ॲल्युमिनियमच्या ब्लॉकमध्ये बिडाची स्लीव्ह बसवलेली असते. यामाहाची दोन-स्ट्रोक बॅन्शी आणि होंडाची टीआरएक्स 400 ईएक्स ही त्याची परिचित उदाहरणे आहेत. ही भिंत झिजली की 0.25 किंवा 0.50 मि.मी. ओव्हरसाइज पिस्टन घेऊन बोअर मारता येतो, आणि आपल्याकडचा कोणताही चांगला रीबोअरवाला हे काम डोळे मिटून करतो. अडचण येते ती दुसऱ्या प्रकारात. तेथे स्लीव्ह नसतेच. ॲल्युमिनियमच्याच भिंतीवर निकेलचा अतिशय पातळ थर विद्युत-क्रियेने चढवलेला असतो आणि त्या निकेलमध्ये सिलिकॉन कार्बाइडचे सूक्ष्म कण पेरलेले असतात. जर्मनीच्या माहले कंपनीने 1967 मध्ये वांकेल इंजिनाच्या घरासाठी हा मुलामा विकसित केला आणि त्याला निकासिल हे नाव दिले. पुढे इतर कंपन्यांनी आपापल्या नावांनी तोच मार्ग धरला. सुझुकी आपल्या मुलाम्याला एससीईएम म्हणते. तयार झालेल्या थराची जाडी साधारणपणे मिलिमीटरच्या दहाव्या भागापेक्षाही कमी असते. म्हणजे पहिला ओव्हरसाइज बोअर मारतानाच हा सगळा थर निघून जातो आणि खाली मऊ ॲल्युमिनियम उरते. त्यावर रिंगा चालवणे म्हणजे पुढचे सीझिंग (पिस्टन चिकटून इंजिन जाम होणे) आजच ठरवून ठेवणे होय.

तिसरा प्रकारही आहे, तो ओझरता सांगतो. काही सिलिंडरांत ना स्लीव्ह असते ना मुलामा. मिश्रधातूतच सिलिकॉनचे प्रमाण वीस टक्क्यांच्या आसपास ठेवलेले असते आणि तीच चालण्याची भिंत असते. यामाहाने 2008 मध्ये भारतात आणलेल्या आर 15 मधला डायासिल सिलिंडर याच जातीचा. ती रस्त्यावरची गाडी असली, तरी तिच्या ब्लॉकवर साधा बोअर मारून पाहिलेले कारागीर गावोगावी भेटतात.

ओळखण्याची रीत सोपी आहे. हेड काढल्यावर ब्लॉकचा वरचा पृष्ठभाग नीट पुसावा. स्लीव्ह असेल तर बोअरभोवती काळपट राखाडी धातूचे कडे आणि त्याच्या व ॲल्युमिनियमच्या मधली बारीक गोल रेघ स्पष्ट दिसते. मुलाम्याच्या सिलिंडरमध्ये अशी रेघ नसते. ॲल्युमिनियम सलग बोअरच्या काठापर्यंत येते आणि काठाच्या उतारावर फक्त एक चकचकीत पातळ किनार असते. लोहचुंबक आतून लावून पाहावा. बिडाला तो घट्ट चिकटतो, तर मुलाम्याला चिकटत नाही किंवा जेमतेम ओढ दाखवतो. ही जेमतेम ओढ पाहून ‘लोखंड आहे’ असा निष्कर्ष काढू नये, कारण निकेल स्वतःही काही प्रमाणात चुंबकाकडे ओढले जाते. सर्व्हिस मॅन्युअलमध्येही सुगावा असतो: पिस्टन 0.25, 0.50 असे दिलेले असतील तर स्लीव्ह, आणि केवळ शतांशांच्या फरकाचे ए, बी असे गट दिलेले असतील तर बहुधा मुलामा. मात्र जुनी गाडी घेतली असेल तर मॅन्युअलपेक्षा समोरच्या ब्लॉकवर विश्वास ठेवावा, कारण आधीच्या मालकाने कोणता उद्योग करून ठेवला आहे ते पुस्तकाला ठाऊक नसते.

झीज कोठे आहे, ते आधी वाचावे

माझ्या मते सगळ्या निदानातील सर्वांत मोलाचा आणि सर्वांत दुर्लक्षित भाग हाच आहे. जुना पिस्टन आणि रिंगा भंगारात टाकण्यापूर्वी त्या खिडकीजवळच्या उजेडात धरून पाहिल्या, तर आजार कोठून आला ते त्या सांगतात. हवेबरोबर आत आलेली धूळ प्रथम वरच्या रिंगेला आणि बोअरच्या वरच्या भागाला खाते. अशा इंजिनात वरची रिंग खालच्या रिंगेपेक्षा स्पष्टपणे जास्त झिजलेली असते, पिस्टनच्या स्कर्टवरील (खालच्या बाजूच्या भिंतीवरील) मूळच्या बारीक यंत्ररेषा पुसल्या जाऊन तेथे मंद, राखाडी, सॅटिनसारखा पृष्ठभाग तयार होतो, आणि त्यात उभे बारीक ओरखडे असतात. उलट धूळ ऑइलमधून आली असेल, म्हणजे फुटलेल्या ब्रीदर नळीतून किंवा ऑइल भरताना गाळ पडून, तर ऑइल रिंग आधी जाते आणि बेअरिंगांवरही खुणा दिसतात. चार-स्ट्रोक इंजिनात आणखी एक पूर्वसूचना मिळते. इनटेक व्हॉल्व्हचे क्लिअरन्स (मोकळी फट) दर तपासणीत घटत असेल आणि एक्झॉस्टचे जागेवर असेल, तर इनटेकच्या सीटला काहीतरी घासत आहे, आणि ते बहुधा फिल्टर चुकवून आलेली धूळच असते. धूर दिसण्याच्या किती तरी आधी ही खूण हाती येते.

निकासिल इतका कठीण असताना धूळ त्याला कशी खाते, असा प्रश्न नेहमी विचारला जातो. सिलिकॉन कार्बाइडचे कण खरोखरच कठीण असतात, मोस श्रेणीवर नऊच्या वर. पण ते ज्या निकेलमध्ये रुतलेले असतात ते निकेल क्वार्ट्झपेक्षा मऊ असते, आणि क्वार्ट्झ त्याच श्रेणीवर सातवर आहे. समुद्रकिनाऱ्याच्या वाळूत क्वार्ट्झ असते, कोकणातील जांभ्याच्या लाल धुळीतही त्याचे कण मिळतात. हे कण निकेलला पोखरतात, आधार सुटलेले सिलिकॉन कार्बाइड निखळते आणि मग तेच रिंगांखाली घासकागदाचे काम करते. झीज एकदा सुरू झाली की वेगाने वाढते ती यामुळेच. इंधनातील गंधकामुळे निकासिल जातो, हा समजही अजून ऐकू येतो. 1990 च्या दशकात बीएमडब्ल्यू आणि जॅग्वारच्या व्ही-8 इंजिनांत तसे घडले होते हे खरे. परंतु 1 एप्रिल 2020 पासून आपल्याकडील बीएस-6 पेट्रोलमध्ये गंधकाची मर्यादा दशलक्षात 10 भाग इतकी खाली आलेली आहे, त्यामुळे आजच्या झिजलेल्या एटीव्हीचे खापर पंपावर फोडण्यात अर्थ नाही.

तेव्हा धूळ आत येण्याची वाट शोधावी लागते. एअर फिल्टर नवा असणे पुरेसे नाही. फिल्टरच्या कडेने हवा निसटते का, हे पाहायचे असते. फोमच्या फिल्टरची कड जेथे एअरबॉक्सवर बसते तेथे ग्रीसचा अखंड पट्टा हवा. एअरबॉक्सच्या झाकणाच्या क्लिपा तुटून त्या जागी वायर बांधलेली असेल, एअरबॉक्सपासून कार्बोरेटरपर्यंतच्या रबरी बूटला घडीच्या आतल्या बाजूने चीर असेल, तर फिल्टर कितीही महागाचा असो, उपयोग नाही. बूट हाताने वाकवून, ताणून पाहावा. सरळ असताना चीर दिसत नाही. पेट्रोलमध्ये फिल्टर धुण्याची सवय फार बोकाळली आहे. त्याने फोमचा चिकट जोड सुटतो. त्यावर फिल्टर ऑइलऐवजी इंजिन ऑइल चोळले, तर गाडी उभी असताना ते ओघळून खाली जमा होते आणि वरचा भाग कोरडा राहतो. हवेच्या पाइपने फोम झटकणे तर सर्वांत वाईट, कारण त्याने कण आतच घुसतात.

खात्री करण्याचा एक स्वस्त उपाय असा: फिल्टरच्या पलीकडे, बूटच्या आतल्या भिंतीवर स्वच्छ ग्रीसचा पातळ हात फिरवावा, गाडी नेहमीच्या धुळीत चालवून आणावी आणि बूट काढून पाहावा. ग्रीस स्वच्छ असेल तर मार्ग बंद आहे. त्यावर लालसर कण चिकटले असतील, तर कोणत्या बाजूला जास्त चिकटले त्यावरून गळतीची दिशाही कळते. ही चाचणी नव्या रिंगा टाकण्यापूर्वी झाली पाहिजे. कामानंतर केली तर ती नव्या रिंगांच्या जिवावर होते.

मुलाम्याचा सिलिंडर वाचवता येतो का

पिस्टन चिकटून बोअरवर चांदीसारखे उभे पट्टे उमटले की सिलिंडर बाद झाला असे मानले जाते, पण पुष्कळदा ते पट्टे म्हणजे पिस्टनचे वितळलेले ॲल्युमिनियम भिंतीवर चिकटलेले असते आणि खालचा मुलामा शाबूत असतो. कानाच्या काडीला सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल किंवा कॉस्टिक सोड्याचे द्रावण लावून ते फक्त त्या पट्ट्यावर टेकवावे. फेस येऊन ॲल्युमिनियम विरघळू लागते. पट्टा संपला की फेस थांबतो, कारण निकेलवर या द्रावणाचा तितका परिणाम होत नाही. फेस थांबतच नसेल, तर त्या जागी मुलामा गेला आहे आणि द्रावण ब्लॉकच खात आहे. तेथेच हात थांबवून भरपूर पाण्याने धुऊन काढावे. हे काम उघड्यावर, हातमोजे आणि चष्मा घालून करायचे असते, आणि द्रावण पोर्टच्या (भिंतीतील वायूंच्या खिडकीच्या) उघड्या ॲल्युमिनियमवर ओघळू द्यायचे नसते. नंतर लाल स्कॉच-ब्राइट आणि साबणाच्या पाण्याने भिंत घासली की मूळच्या तिरप्या जाळीच्या रेघा पुन्हा दिसू लागतात. होनिंगच्या (बोअर बारीक घासण्याच्या) साध्या दगडांनी मुलामा घासू नये; त्याला डायमंड होन लागतो. नख अडकेल असा ओरखडा, निघालेला पापुद्रा किंवा ॲल्युमिनियमचा उघडा पडलेला डाग दिसला, तर ही सफाई उपयोगाची नाही.

माप घेण्यासाठी बोअर गेज हवा. बोअरच्या तीन उंचींवर, प्रत्येक ठिकाणी दोन दिशांनी. गेज नसेल तर नवी रिंग पिस्टनने सरळ ढकलून बोअरमध्ये बसवावी आणि तिच्या टोकांमधील फट फीलर गेजने (ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्यांनी) मोजावी. वर, मध्ये आणि तळाशी, जेथे झीज नगण्य असते, तेथे हीच फट घेतली की बोअरचा उतार कळतो, कारण बोअरचा व्यास 0.10 मि.मी. ने वाढला तर फट सुमारे 0.31 मि.मी. ने वाढते, परिघाचे साधे गणित आहे. फीलर गेजसारख्या स्वस्त हत्याराने इतके सूक्ष्म माप हाती येते, ही या कामातली मला सर्वांत आवडणारी सोय आहे.

स्लीव्ह टाकायची असेल तर

मुलामा गेला असेल तर मार्ग तीन: नवा सिलिंडर, पुन्हा मुलामा चढवून घेणे, किंवा बिडाची स्लीव्ह. तिसरा सर्वांत स्वस्त आणि हाताशी असल्यामुळे तोच निवडला जातो. तो वाईट नाही, पण सर्वांत जास्त बिघडवला जातो तोही हाच.

मूळ अडचण प्रसरणाची आहे. एका अंशाला ॲल्युमिनियम दशलक्षात सुमारे 23 भाग वाढते, तर बीड सुमारे 11. बाहेरून 90 मि.मी. व्यासाची स्लीव्ह घेतली आणि दोन्ही धातू शंभर अंशांनी तापले असे धरले, तर ब्लॉकचे भोक सुमारे 0.21 मि.मी. आणि स्लीव्ह सुमारे 0.10 मि.मी. वाढेल. म्हणजे थंड असताना घट्ट वाटणारी बैठक गरम झाल्यावर 0.11 मि.मी. ने सैल पडते. प्रत्यक्षात स्लीव्ह ब्लॉकपेक्षा जास्त तापते, म्हणून तोटा याहून कमी होतो. परंतु चिखलाने रेडिएटर बुजला आणि ब्लॉकही तापला की हा आधार संपतो. म्हणूनच स्लीव्हचा बाहेरचा व्यास भोकापेक्षा मोठा ठेवावा लागतो, लिक्विड-कूल्ड ब्लॉकमध्ये साधारण 0.05 ते 0.08 मि.मी. आणि एअर-कूल्डमध्ये त्याहून थोडा अधिक. इतकी घट्ट स्लीव्ह हातोड्याने ठोकून बसवायची नसते. ब्लॉक ओव्हनमध्ये दीडशे ते दोनशे अंशांपर्यंत सारखा तापवावा, स्लीव्ह फ्रीजरमध्ये थंड करावी, आणि मग ती आपल्या वजनाने आत उतरते. गॅसच्या ज्योतीने एका बाजूने तापवलेला ब्लॉक वाकडा होतो.

स्लीव्हला वर कॉलर हवीच. कॉलर नसलेली सरळ नळी तापल्यावर खाली सरकते, हेड गॅस्केटची पकड सुटते, आणि दोन-स्ट्रोक इंजिनात ती फिरली तर पोर्टची खिडकी आणि स्लीव्हची खिडकी जुळत नाही व रिंग त्यात अडकते. बसवल्यानंतर वरचा पृष्ठभाग मशीनवर एका पातळीत आणावा, आणि बोअर व होनिंग शक्य असल्यास टॉर्क प्लेट (हेडच्या जागी बोल्टने आवळायची जाड पाटी) लावून करावे, म्हणजे हेडचे बोल्ट आवळल्यावर येणारा ताण आधीच हिशेबात धरला जातो.

त्यानंतरही एक चूक राहते, आणि नव्या स्लीव्हच्या इंजिनाचे पहिल्याच चढावर सीझिंग होते ते बहुधा तिच्यामुळे. मुलाम्याची ॲल्युमिनियम भिंत पिस्टनबरोबर वाढते, त्यामुळे तिच्यासाठी पिस्टनचे क्लिअरन्स कमी ठेवलेले असते. बिडाची भिंत तितकी वाढत नाही, आणि बीड उष्णताही ॲल्युमिनियमच्या साधारण एक तृतीयांशच वाहून नेते. म्हणून मूळ मॅन्युअलमधील क्लिअरन्स आता लागू होत नाही. पिस्टन बनवणाऱ्याने बिडाच्या भिंतीसाठी दिलेला आकडा घ्यावा, तो सहसा काही शतांश मि.मी. अधिक असतो. ‘दोन थाउ (थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) ठेवले की झाले’ हे कारागिराचे पाठ उत्तर येथे चालत नाही. रिंगाही भिंतीप्रमाणे निवडाव्यात, आणि जुन्या क्रोम मुलाम्याच्या सिलिंडरमध्ये क्रोम रिंगा तर कधीच टाकू नयेत.

होनिंगनंतर बोअर पेट्रोलने पुसला तर घासकण रेघांमध्येच राहतात. गरम पाणी, साबण आणि ब्रशने तो घासावा, आणि ऑइल लावलेले पांढरे फडके स्वच्छ बाहेर येईपर्यंत पुसत राहावे. दमट हवेत बिडाच्या ताज्या भिंतीवर पाहता पाहता तांबूस गंज धरतो, म्हणून ऑइलचा हात लगेच फिरवावा. पावसाळ्यात चार महिने झाकून ठेवलेल्या किनाऱ्यावरच्या एटीव्हीत हाच गंज रिंगा टेकलेल्या जागी गोल पट्टा उमटवतो. गाडी उभी करण्यापूर्वी प्लगच्या भोकातून थोडे ऑइल टाकून इंजिन हाताने फिरवून ठेवले तर तो टळतो.

पहिल्या ऑइलबदलाच्या वेळी ऑइल फिल्टर कापून त्याचा कागद उलगडावा. रिंगा बसताना चुंबकाला चिकटणारी थोडी बारीक राखाडी पूड येणे स्वाभाविक आहे. चुंबकाला न चिकटणारे मऊ चांदीसारखे कण पिस्टनकडून येतात, तेव्हा क्लिअरन्स पुन्हा तपासावे. मात्र चकचकीत, कडक, वर्खासारखे पातळ तुकडे दिसले, तर मुलामा सुटू लागला आहे असे समजावे आणि गाडी आणखी न चालवता सिलिंडर उतरवावा, कारण त्या पापुद्र्यांमधील सिलिकॉन कार्बाइड ऑइलबरोबर क्रँकच्या बेअरिंगपर्यंत पोहोचते आणि मग काम सिलिंडरपुरते राहत नाही.